एका वाहनातून दुसऱ्या वाहनापर्यंत

सार्वजनिक वाहतुकीची चर्चा बहुधा नव्या मार्गांभोवती आणि नव्या गाड्यांभोवती फिरते. मला मात्र एका वाहनातून उतरून दुसऱ्यात चढेपर्यंतचे अंतर अधिक महत्त्वाचे वाटते, कारण प्रवासी कंटाळतो तो तिथेच. पुढची गाडी केव्हा येणार हे ठाऊक नसेल, तर प्रतीक्षा आहे त्याहून लांब भासते.

जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरातील वाहतूक संस्थांनी १९६५ मध्ये संघ स्थापन केला आणि त्यातून बस व रेल्वेसाठी एकच तिकीट शक्य झाले. जर्मनीतीलच ब्रेमेन शहराने २००३ पासून वस्त्यांमध्ये छोटी केंद्रे उभारली, जिथे सामायिक (अनेकांनी आळीपाळीने वापरायच्या) मोटारी आणि सायकली लावण्याची सोय असते व शक्य तिथे बसचा किंवा ट्रामचा थांबाही जवळ असतो.

अशा केंद्रांचा खर्च तुलनेने थोडा असतो. खरी अडचण मालकीची आहे: छप्पर एकाचे, वेळापत्रकाचा फलक दुसऱ्याचा, पदपथ तिसऱ्याचा, आणि बंद पडलेला दिवा कोणाचाच नाही. त्यामुळे केंद्राची संपूर्ण देखभाल एकाच स्थानिक यंत्रणेकडे सोपवावी आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठीचा उतार मूळ आराखड्यातच असावा, असे माझे ठाम मत आहे.