भुईआवळा उलटा करून बघा

पाऊस सुरू होऊन महिना झाला की कुंड्यांत, वाफ्यांत, भिंतीच्या कडेला भुईआवळा उगवतो, आणि दरवर्षी कुणी ना कुणी मला फोटो पाठवून विचारतं, "हाच ना तो?" फोटो नेहमी वरून काढलेला. वरून दिसतात नुसती पानं, आणि पानांवरून मी तरी नाव सांगत नाही.

भुईआवळा म्हणून जे उपटलं जातं त्यात दोन जाती हमखास मिसळतात, फायलँथस अमारस आणि फायलँथस युरिनॅरिया. दोन्ही वीत-दीड वीत उंचीच्या, दोन्हींच्या बारीक फांद्या चिंचेच्या पाल्यासारख्या. फांदी हळूच उलटी करा. खालच्या अंगाला ओळीनं फळं लागलेली दिसतील, मोहरीएवढी. अमारसचं फळ गुळगुळीत, आणि आखूड का होईना पण स्पष्ट देठावर लोंबणारं. युरिनॅरियाचं खरबरीत, फांदीला जवळजवळ चिकटूनच बसलेलं. फुलं असतील तर पाकळ्यांसारखी दलं मोजा: अमारसला ५, युरिनॅरियाला ६.

मला सगळ्यात आवडते ती बियांची खूण. फळ तीन कप्प्यांचं, प्रत्येकात दोन बिया. १० पटींच्या भिंगाखाली धरलं की अमारसच्या बीवर उभ्या रेघा दिसतात, युरिनॅरियाच्या बीवर आडव्या. एवढीशी मिलिमीटरभर बी, आणि त्यावर फणी फिरवावी तशा रेघा! पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी भिंग खाली ठेवायलाच तयार नव्हते.

युरिनॅरियाचं खोड लालसर असतं हे खरं, पण केवळ रंगावर नाव ठरवू नका. वाळलं की रंग उडतो. सुरुवातीला मी फळ न धरलेली कोवळी रोपं नमुना म्हणून कागदावर दाबून, वाळवून ठेवली आणि त्या कागदावर बेधडक 'अमारस' लिहिलं. दोन वर्षांनी तपासायला बसले तर ठरवायला काही उरलंच नव्हतं, ना फळ ना बी. नाव खोडलं, कागद अजून जपून ठेवलाय.

टाकळ्याचंही असंच, त्यातही दोन जाती मिसळतात. पानाच्या मधल्या दांड्यावर, पर्णिकांच्या (म्हणजे दांड्याला जोडीनं लागलेल्या छोट्या पानांच्या) खालच्या दोन्ही जोड्यांपाशी एकेक काडीसारखी ग्रंथी असेल तर सेना टोरा. फक्त सर्वांत खालच्या जोडीपाशी असेल तर सेना ऑब्ट्युसिफोलिया, आणि तिच्या शेंगेचा देठही लांब असतो.

तेव्हा यापुढे फोटो पाठवताना फांदी तळहातावर उलटी ठेवा, फळाचा देठ दिसेल इतक्या जवळून.