गाठ सुटली, ब्लॉक सुटेना

डाव्या खांद्यावरची गाठ वाटाण्याएवढी होती तेव्हा डॉक्टरांच्या मते ‘केलॉइड’, म्हणजे वाढलेला व्रण, होती, सुपारीएवढी झाली तेव्हा ‘चरबीची गाठ’. दुखत नव्हती, म्हणून ३ वर्षं मीही कानाडोळा केला. शेवटी इथेच ठाण्यात एका सर्जननी ती अर्ध्या तासात काढली. ‘तपासायला पाठवताय ना?’ असं मी विचारलं, म्हणून पाठवली गेली.

रिपोर्टात ‘स्पिंडल सेल’, म्हणजे चातीसारख्या लांबट पेशी, आणि खाली ‘आयएचसी करावी’, म्हणजे पेशींमधली ठरावीक प्रथिनं शोधणारी तपासणी. संशय डीएफएसपीचा. हा त्वचेत सुरू होणारा, सावकाश वाढणारा दुर्मिळ कॅन्सर. लांब क्वचितच जातो, पण अपुरा काढला तर त्याच जागी परत उगवतो. त्यात सीडी३४, म्हणजे या तपासणीतलं एक प्रथिन, बहुतेक वेळा पॉझिटिव्ह येतं, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या साध्या गाठीत सहसा येत नाही. परळला टाटामध्ये दाखवायचं ठरलं. तिथे आधीच्या स्लाइड आणि मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, लागतो.

लॅबमधून स्लाइड लगेच मिळाल्या. ब्लॉक?

‘मॅडम, ब्लॉक आम्ही देत नाही.’ मग देतो, पण अर्ज लागेल. अर्ज दिला, तर सर्जनचं पत्र हवं. पत्र नेलं, तर मूळ पावती. पावती नेली, तर ‘साहेब गुरुवारी असतात’. गुरुवारी साहेब होते, ब्लॉक भिवंडीच्या गोदामात होता! माझ्या शरीराचा तुकडा भिवंडीला आणि मी नौपाड्यातल्या काउंटरपुढे पर्स धरून उभी. सहाव्या फेरीला मी खुर्चीच ओढून बसले. ‘देत नाही हे लेखी द्या’ म्हटल्यावर गोदामात फोन लागला. हे वाक्य मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. १९ दिवस गेले.

अर्जावर बायोप्सी नंबर लिहा, नुसत्या नावावर शोधत नाहीत. आणि ब्लॉक गाडीत उन्हात ठेवू नका, शेवटी मेणच ते. मी नातवाच्या डब्यात घालून लोकलने नेला, मांडीवर.

सीडी३४ पॉझिटिव्ह. जखमेच्या खुणेभोवती दोन-तीन सेंटिमीटर जागा घेऊन परत ऑपरेशन झालं, कडा स्वच्छ आल्या, म्हणजे तिथे कॅन्सर दिसला नाही. हो, गाठ पहिल्यांदा कापायच्या आधीच तुकडा तपासला असता तर बहुधा हे दुसरं ऑपरेशन टळलं असतं. गाठ वाढती असेल तर तुकडा तपासायचं डॉक्टरांना आधी विचारा.

टाके काढले त्या संध्याकाळी लॅबचा फोन. मला वाटलं, चौकशी करतायत.

‘मॅडम, तो ब्लॉक परत कधी देताय?’