मनगटावरचे अक्षर

स्कॉटलंडमधील सँकर या छोट्या गावाचे नाव तिथल्या दोन रंगांच्या हातमोज्यांमुळे विणकाम करणाऱ्यांच्या ओठी असते. बारीक लोकर, त्याहून बारीक सुया, पंजाभर लहान लहान चौकटी आणि मनगटाच्या पट्टीत विणलेली मालकाची आद्याक्षरे, ही त्यांची ओळख.

लेक शिकायला एडिंबराला निघाली, म्हणून दादरच्या आमच्या घरी भर मे महिन्यात मी हे काम हाती घेतले. घामेजल्या बोटांना लोकर चिकटते, त्यामुळे पहाटेच विणायला बसते. एका रंगाचे टाके विणताना दुसरा धागा मागून सैल न्यावा लागतो. तो जरा जरी ताणला गेला, तर चौकट आक्रसते आणि बोटे आत शिरत नाहीत. मागच्या या धाग्यांमुळेच मोजा दुपदरी आणि उबदार होतो.

नॉर्वेतील सेल्बूची आठ पाकळ्यांची नक्षी, जिची परंपरा 1857 साली मारित एम्स्टाड हिने विणलेल्या हातमोज्यांपासून सांगितली जाते, दिसायला अधिक देखणी आहे. तरीही मला सँकरच जवळचे वाटते, कारण तिथे नक्षीइतकाच मान माणसाच्या नावाला आहे.

मी ‘श’ देवनागरीत विणला. चौकटीच्या कागदावर आधी आखून पाहिले, तेव्हा शिरोरेषा एका ओळीत सरळ बसली, गाठीचा गोलावा मात्र पायऱ्यांसारखा उतरत गेला. तीनदा उसवून चौथ्यांदा तो मनासारखा जमला. आता डाव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला आहे.