अकरा सायकली, चार दिवस: वाई, आंबेनळी, पाचाड, ताम्हिणी

निघण्याआधी आमचा एकच नियम ठरला होता. प्रत्येक थांब्यावर शेवटचा माणूस पोचला की घड्याळ सुरू करायचं आणि तिथून पुढे दहा मिनिटं कुणी सायकलला हात लावायचा नाही. नियम काढला आमच्या गटातल्या काकांनी. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ गेली कित्येक वर्षं गटानं सायकल चालवतात. त्यांचं म्हणणं असं, की बहुतेक गट इथंच फसतात. पुढे पोचलेले वीस मिनिटं बसून ताजेतवाने होतात, मागचा धापा टाकत येतो आणि तो आला रे आला की सगळे "चला" म्हणून उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. दुसऱ्या दिवशी तो गप्प होतो आणि तिसऱ्या दिवशी टेम्पो शोधायला लागतो.

हा वृत्तांत लिहायला बसलो ते मुख्यतः या नियमासाठी. रस्ता कोणालाही नकाशावर सापडेल. अकरा माणसं चार दिवस एकत्र राहून शेवटी अजून थोडं बरोबर राहावं असं त्यांना वाटणं, हे मात्र आपोआप होत नाही.

रस्ता असा: पुणे ते वाई साधारण ९० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, साधारण ७० ते ७५. तिसऱ्या दिवशी पोलादपूर, महाड, पाचाड, चाळीसच्या थोडं वर. चौथ्या दिवशी पाचाडहून निजामपूरमार्गे ताम्हिणी चढून पुणे, सव्वाशेच्या घरात. महिना डिसेंबर. निघालो रविवारी आणि परतलो बुधवारी. तीन रजा टाकाव्या लागल्या, पण त्या टाकाच. शनिवार-रविवारी महाबळेश्वरच्या आणि ताम्हिणीच्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात सायकलवरून गप्पा मारणं शक्यच नाही.

पहाटे साडेपाचला स्वारगेटला जमलो. कात्रजचा जुना घाट चढून जुन्या बोगद्यातून पलीकडे गेलो. बोगदा अरुंद आणि अंधारा आहे, मागचा लाल दिवा आत शिरायच्या आधीच लावा. पुढे शिंदेवाडीपासून शिरवळपर्यंत महामार्ग. इथं हसणं-बोलणं नाही. डाव्या कडेनं एकामागे एक जायचं आणि पुढच्यानं दिलेली हाक मागच्यानं मागे पोचवायची: "खड्डा", "काच", "गाडी थांबलीय". पहिल्या तासात आम्हाला ओरडायला संकोच वाटत होता. खेड शिवापूरच्या पुढे हाका अशा जाऊ लागल्या, की सगळ्यात पुढच्या पोरानं "काच" म्हटलं की काही क्षणांत अकराव्या सायकलपर्यंत शब्द पोचायचा आणि अकराही चाकं एकाच जागी उजवीकडे सरकायची. एकमेकांची नावंही नीट पाठ झाली नव्हती, तेव्हापासून आम्ही एकमेकांचे टायर सांभाळत होतो.

शिरवळला नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. पोहे, चहा, पुन्हा पोहे. खंबाटकीचा चढ ऊन तापायच्या आत संपवा. आम्ही गेलो तेव्हा पुण्याकडून जाणारी वाहनं घाटानंच चढत होती, बोगदा साताऱ्याकडून येणाऱ्यांसाठी होता, त्यामुळे ट्रकही आमच्याबरोबरच चढत होते. ते हळू असतात, पण वळणावर त्यांच्या डाव्या अंगाला शिरू नका. ट्रक पुढे जाऊ द्या आणि मग वळण घ्या. सुरूर फाट्याला महामार्ग सोडला आणि दिवसभरात पहिल्यांदा दोन सायकली शेजारी-शेजारी आल्या. वाईपर्यंतचे दहा-बारा किलोमीटर गप्पांत कधी संपले कळलं नाही.

वाईला संध्याकाळी ढोल्या गणपतीच्या घाटावर, कृष्णेच्या पायऱ्यांवर बसलो. एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. "पुण्याहून? सायकलवर? आणि ह्यापण?" असं म्हणत त्यांनी आमच्यातल्या मावशींकडे बोट दाखवलं. मावशी अठ्ठावन्न वर्षांच्या. आजी त्यांच्या शेजारी बसल्या आणि दोघींचं गुडघ्यांवर जे बोलणं सुरू झालं ते जेवायची वेळ झाली तरी संपेना.

दुसऱ्या दिवशी शेपूट सांभाळायची पाळी माझी होती. गटात एक जण कायम सर्वांत मागे राहतो. पंपाची पिशवी, प्रथमोपचाराची डबी आणि जास्तीचं पाणी त्याच्याकडे असतं. ही पाळी रोज बदला. एकाच्याच गळ्यात घातली तर ती शिक्षा होते. फिरती ठेवली तर प्रत्येकाला एकेक दिवस हळू जायची मुभा मिळते आणि माणसं कळतात ती याच दिवशी.

पसरणीचा घाट वाईपासून पाचगणीपर्यंत साधारण दहा किलोमीटर. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी बाराशेच्या बरीच वर. मावशी सर्वांत हलक्या गिअरवर, एका लयीत, न थांबता चढत होत्या आणि मी त्यांच्या शेजारी. चढावर धाप इतकीच लागली पाहिजे की एक वाक्य पूर्ण बोलता यावं, याला त्या "वाक्याचा वेग" म्हणतात. वाक्य तुटलं की वेग कमी करायचा. असं वाक्या-वाक्यानं त्यांनी मला त्यांचं कॉलेजातलं पुणं सांगितलं. पाच मैत्रिणी रोज सायकलवरून टिळक रस्त्यानं जायच्या, एकीची चेन पडली की पाचहीजणी थांबायच्या आणि पाचहीजणींना पहिल्या तासाला उशीर व्हायचा. लग्नानंतर सायकल सुटली ती पंचवीस वर्षं. "मला घाट चढायची हौस नाही रे," त्या म्हणाल्या, "मला थांबणाऱ्या माणसांची हौस आहे." खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं. वर पोचलो तेव्हा बाकीचे नऊ जण रस्त्याकडेच्या कठड्यावर ओळीनं बसले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि काकांनी घड्याळ सुरू केलं.

पाचगणी ते महाबळेश्वर चढ-उतार आहेत, फार अवघड नाहीत. स्ट्रॉबेरीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. थोडीच घ्या, पुढे उतार आहे आणि पोट जड नको.

आता आंबेनळीबद्दल जरा सविस्तर, कारण या सहलीतला सर्वांत धोक्याचा भाग चढ नसून हा उतार आहे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आणि पोलादपूर कोकणाच्या तळाशी. चाळीस किलोमीटरांत ही सगळी उंची उतरायची. पावसाळ्यात इथं दरडी कोसळून रस्ता बंद होतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर हा बेत करू नका. ब्रेक सतत दाबून ठेवायचे नाहीत. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात लावायचे आणि सरळ भागात सोडून द्यायचे, म्हणजे ते गार होतात. दोन सायकलींत किमान पाच-सहा सायकलींचं अंतर ठेवा. आम्ही दर पाच किलोमीटरला थांबलो. ते पुढच्या पोराला पटलं नव्हतं, पण त्यानं ऐकलं. त्या थांबण्यामुळेच पुढचा प्रसंग किरकोळ राहिला.

कुंभरोशीच्या अलीकडे थांबलो असताना एकीच्या मागच्या चाकातून किर्र आवाज येतोय असं कुणाच्या तरी लक्षात आलं. बघितलं तर ब्रेकचं रबर संपून आतली धातूची पट्टी रिमवर घासत होती आणि रिमवर चकचकीत चरा उमटला होता. निघायच्या आठवडाभर आधी तिनं सायकल एका दुकानात सर्व्हिसिंगला दिली होती. पैसे घेतले होते, चेन पुसली होती, ब्रेक मात्र कुणी बघितलेच नव्हते. म्हणून सांगतो, सर्व्हिसिंग झालं तरी निघायच्या आदल्या दिवशी स्वतः बसून बघा: रबरावरच्या खाचा दिसतायत का, दोन्ही बाजू सारख्या झिजल्यात का, लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकत तर नाही ना. आमच्याकडे रबरांचे दोन जोड जास्तीचे होते. पाच नंबरच्या अॅलन कीनं जुने काढले, नवे बसवले. एक जण चाक धरून, एक जण रबर रिमला समांतर धरून, तिसरा आवळतोय आणि बाकीचे मोबाइलचे दिवे पाडतायत. खरं तर भर दुपार होती, दिव्यांची काही गरज नव्हती, पण प्रत्येकाला हातभार लावायचा होता. हात काळे झाले. समोरच्या घरातल्या वहिनी न मागता बादलीभर पाणी आणि चुलीतली राख घेऊन आल्या. राखेनं वंगण निघतं. मग त्यांनीच ताक दिलं. पैसे विचारले तर रागावल्या.

पोलादपुरात रात्री जेवताना काका म्हणाले, सकाळी आपण कृष्णेकाठी होतो, आता सावित्रीकाठी आहोत. दोन्ही नद्या महाबळेश्वरच्याच. एक पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते, दुसरी आपल्यासारखीच घाट उतरून अरबी समुद्राकडे. तांदळाच्या भाकऱ्यांवर सगळ्यांचं एकमत झालं.

तिसरा दिवस मुद्दाम छोटा ठेवला होता. चार दिवसांचा बेत करताना एक दिवस असा ठेवाच, ज्यात दुपारच्या आत मुक्कामी पोचाल. पोलादपूर ते महाड हा गोवा महामार्ग आहे, तो पुन्हा एका ओळीत आणि गप्प. महाडला चवदार तळ्याला गेलो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथलं पाणी ओंजळीत घेतलं. पायऱ्यांवर आम्ही बराच वेळ बसलो, त्या थांब्याला घड्याळ लावलं नाही. मग पाचाड. जिजाऊंच्या समाधीजवळ सायकली टेकवल्या. रायगड चढायचा तर आदल्या दोन दिवसांचे पाय विचारात घ्या. आमच्यातले चौघं पायऱ्यांनी गेले, बाकीचे रोपवेनं. ६ जून १६७४ ला जिथं राज्याभिषेक झाला, त्या जागी सगळे पुन्हा एकत्र आलो. चौघांना यायला वेळ लागला आणि तेव्हा रोपवेनं आलेल्यांनी त्यांची वाट बघितली. पहिल्यांदाच मावशी वाट बघणाऱ्यांत होत्या. तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

पाचाडला घरगुती मुक्काम आणि पिठलं-भाकरी मिळते, पण आधी फोन करून माणसांची संख्या सांगा. रोख पैसे बरोबर ठेवा, घाटात फोनला रेंज नसते.

सामानाचं थोडक्यात. पाठीवर सॅक नको, कॅरिअरला बांधा. पॅडिंगच्या दोन शॉर्ट, एक धुवायची, एक घालायची. प्रत्येकाला आपल्या मापाच्या दोन ट्यूब. गटात मिळून दोन पंप, चेन जोडायची क्लिप, चेन तोडायचं हत्यार, ब्रेकची रबरं, स्पोक, गिअर हँगर (मागचा गिअर ज्याला अडकवतात तो तुकडा). मीठ-साखरेच्या पुड्या भरपूर, नाहीतर तिसऱ्या दिवशी पोटऱ्यांत गोळे येऊ शकतात. खर्चाला प्रत्येकाकडून सुरुवातीलाच सारखी रक्कम घ्या आणि एकाच्या हातात द्या. दर चहाला हिशोब करायला लागलात तर चहाची चव जाते. अगदीच कुणाला जमेनासं झालं तर पोलादपूर किंवा महाडला छोटा हत्ती मिळतो, त्यात लाज काही नाही. आणि फेरी उलटी करू नका. आंबेनळी चढायला लागलात तर चाळीस किलोमीटर बोलायला दम उरणार नाही.

चौथ्या दिवशी फटफटलं तसे निघालो. निजामपूरपर्यंत रस्ता लहान आणि शांत. विळे गावात पोटभर खाऊन घ्या आणि बाटल्या भरा, पुढे घाटात बराच वेळ काही मिळत नाही. ताम्हिणी कोकणाच्या बाजूनं चढताना दमवतो, सावली मात्र चांगली आहे. त्या दिवशी शेपटाची पाळी पुढच्या पोराची होती. तीन दिवसांपूर्वी दर थांब्यावर चुळबुळणारा हा मुलगा मावशींच्या शेजारी वाक्याच्या वेगानं चढत होता. घाटमाथ्यावर आला तेव्हा त्याला कॉलेजातल्या त्या पाचही मैत्रिणींची नावं पाठ होती.

मुळशीच्या धरणाकाठी जेवलो. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या सत्याग्रहाची गोष्ट काकांनी सांगितली आणि पाण्याकडे बघण्याची नजर बदलली. पौड, पिरंगुट आणि पिरंगुटचा तो शेवटचा छोटा घाट. सव्वाशेच्या दिवसात तो छोटा वाटत नाही, थोडी ताकद राखून ठेवा.

चांदणी चौकात दिवेलागणीला पोचलो. इथून कोथरूड, कर्वेनगर, बावधन, सगळ्यांची घरं दहा-पंधरा मिनिटांवर. घरचे फोन वाजत होते. मावशी आणि तो मुलगा शेवटी आले. कुणीतरी हेल्मेट चढवू लागलं, तेवढ्यात काकांनी मनगट वर करून घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "दहा मिनिटं." अकराहीजण टपरीच्या बाकांवर पुन्हा बसलो आणि चहा सांगितला.