पेनांगच्या बाजारात आईला बांगडा भेटला

सकाळचे साडेसात वाजले होते. मलेशियातल्या पेनांग बेटावरच्या चौरस्ता बाजारात माझी आई एका चिनी मासेवालीसमोर उभी राहून तिच्या पाटीतला मासा हातात घेऊन त्याचे कल्ले उघडून बघत होती. मी मागून तिचा पदर ओढत होते. "आई, हात नको लावूस, इथे चालत नसेल." आईने मागे वळूनही बघितलं नाही. तिने अंगठ्याने माशाचं पोट दाबलं, डोळा बघितला, मग मासेवालीकडे बघून मान हलवली आणि मला म्हणाली, "बांगडोच मां ह्यो?"

या एका सकाळीसाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे.

आम्ही मूळचे मालवणचे. आई अजून तिथेच असते, मी ठाण्यात. बाबा गेल्यापासून तिला कुठेतरी लांब न्यायचं मनात होतं, म्हणून एका टूर कंपनीबरोबर सिंगापूर आणि क्वालालंपूर केलं. त्या सहा दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'दररोज भारतीय जेवण'. ते वचन त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. दुपारी जिरा राईस, रात्री जिरा राईस, पिवळी डाळ, पनीर आणि गुलाबजाम. समोरच्या रस्त्यावर कढया खणखणताहेत, वाफा निघताहेत, आणि आम्ही चाळीस माणसं वातानुकूलित खोलीत पनीरच्या रांगेत. आई मुकाट्याने जेवायची, थोडंच जेवायची. मला वाटायचं, तिला इथलं काही मानवत नाहीये.

कबूल करते, हे गृहीत धरणं माझंच होतं. निघताना मी एका बॅगेत मेतकूट, खाकरे, गूळपोळ्या, कैरीचं लोणचं असं सगळं भरलं होतं. आई एकाहत्तर वर्षांची, तिला बाहेरचं कसं चालेल, असं मी तिला एका शब्दानेही न विचारता ठरवून टाकलं होतं.

टूर क्वालालंपूरला संपली, बाकीची मंडळी मुंबईला परतली आणि आम्ही दोघी चार दिवसांसाठी पेनांगला निघालो. बटरवर्थपर्यंत रेल्वे, तिथून फेरीबोटीने बेटावरचं जॉर्जटाऊन शहर. खाडीतला वारा तोंडावर आला तशी आईने स्वेटर काढून माझ्याकडे दिला आणि कठड्याला धरून उभी राहिली. सहा दिवसांत पहिल्यांदा ती आपणहून काही बोलली. जेट्टीवरची माणसं दोर कसा फेकतात ते बघ म्हणाली.

पोचलो तो सोमवार. आईचा सोमवार कडक असतो, मासे-मटण नाही. मग संध्याकाळी कंग क्वी गल्लीतल्या चेंडोलच्या गाडीपाशी गेलो. ती गाडी 1936 पासून चालू आहे म्हणतात, रांगही तशीच होती. वाडग्यात बर्फाचा चुरा, त्यावर हिरव्यागार तांदळाच्या पिठाच्या बारीक शेवया, नारळाचं दूध, काळसर ताडगूळ आणि उकडलेला राजमा. आईने पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबली. तुम्ही शिरवाळे खाल्ले असतील तर तुम्हाला कळेल. आमच्याकडे तांदळाची उकड साच्यातून पाडून गूळ घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर खातात, ते शिरवाळे. इथे रस गार, शेवया हिरव्या, कारण त्यात पांदान नावाच्या पानाचा रस असतो. पण जिभेला ओळख पटायला तेवढा फरक आड येत नाही. "रस चांगलो असा," आई म्हणाली. राजमा मात्र तिने एकेक दाणा वेचून माझ्या वाडग्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. आईने पहाटेच मला उठवलं. "बाजार खंय असा गो?"

चौरस्ता बाजार पेनांग रोडवर आहे. नाव खरंच चौरस्ता, आपलाच शब्द, रोमन अक्षरांत पाटीवर लिहिलेला: 'पासार चौरस्ता'. पासार म्हणजे बाजार. मूळ फारसी शब्द एक, आपल्याकडे तो बाजार झाला, त्यांच्याकडे पासार. बाजार एकोणिसाव्या शतकातला, इमारत मात्र नंतरची. वरच्या मजल्यावर जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, तिकडे मला जायचं होतं. ते राहूनच गेलं, कारण खालच्या ओल्या फरशीवर पाय ठेवला आणि आईने माझा हात सोडला.

ती पुढे आणि मी मागे. लग्न होऊन मी ठाण्याला गेल्यापासून असं चालले नव्हते. मालवणच्या बाजारात ती अशीच चालायची, दोन्ही बाजूंना न बघता सगळं बघत. एका वाटेवर काळपट-जांभळट वड्या रचून ठेवल्या होत्या. वास आला आणि मी नाक दाबलं. आईने जवळ जाऊन वाकून वास घेतला. "गोलमो," म्हणाली, म्हणजे सुका जवळा. तो बलाचान होता. बारीक जवळा मीठ लावून कुटायचा, उन्हात वाळवायचा, परत कुटायचा, आणि त्याच्या वड्या थापायच्या. मलायी स्वयंपाकात तो भाजून घालतात. आमच्याकडे जवळा सुकवून ठेवतात, इथे त्याची वडी करतात, एवढाच काय तो फरक.

आणि मग ती मासेवाली. साठीच्या आसपासची, रबरी बूट, पुढ्यात प्लॅस्टिकचा एप्रन. आईने कल्ले उघडले तेव्हा ती ओरडेल म्हणून मी तयारीत होते. तिने उलट पाटीच्या तळातून दुसरा मासा काढला आणि स्वतःच कल्ला उघडून आईसमोर धरला. आत लालभडक. "कंबुंग," ती म्हणाली. आई म्हणाली, "बांगडो." "कंबुंग." "बांगडो." दोघी हसायला लागल्या. नंतर मी शोधून बघितलं. मलायी लोक ज्यांना कंबुंग म्हणतात ते रास्ट्रेलिगर, म्हणजे आपला बांगडा आणि त्याचे सख्खे भाऊ.

आईने बोटांनी खूण करून भाव विचारला. मासेवालीने वजनकाट्यावरचा आकडा दाखवला. आईने मान हलवून महाग म्हणून सांगितलं, मासेवालीने हात जोडल्यासारखे करून आजचा भाव असाच आहे म्हणून सांगितलं. आमच्याकडे ना चूल ना कढई, हॉटेलच्या खोलीत चहाची किटली तेवढी. मासा घ्यायचा प्रश्नच नव्हता, हे दोघींनाही माहीत असावं. तरी पाच मिनिटं घासाघीस चालली. मग मासेवालीने आईला बसायला एक लाल स्टूल पुढे ढकललं. गुडघे धरून चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला स्टूल द्यायला भाषा लागत नाही, पण सहा दिवसांच्या टूरमध्ये एकाही गाईडला ते सुचलं नव्हतं. मला त्या बाईला काहीतरी द्यावंसं वाटलं. पर्समध्ये काजूच्या वड्यांचा पुडा होता, तो दिला. तिने वास घेतला, एक खाल्ली आणि शेजारच्या पाटीवालीला हाक मारून दुसरी तिला दिली.

पुढच्या दुकानात सुक्या वस्तू होत्या. तिथे आईला वाळवलेल्या चकत्या दिसल्या, तपकिरी, चिवट, कडेला सुरकुतलेल्या. दुकानदाराने सांगितलं, आसाम कपिंग. (आसाम राज्याशी काही संबंध नाही, मलायीत आसाम म्हणजे आंबट, कपिंग म्हणजे चकती.) आईने एक चकती चाटून बघितली आणि डोळा मिचकावला. "ह्यां सोलांच्या भावकीतलां दिसता."

तिचं बरोबर होतं. कोकमाचं झाड गार्सिनिया इंडिका, या चकत्या गार्सिनिया अ‍ॅट्रोव्हिरिडिसच्या फळाच्या. एकच घराणं. आपण रातांब्याची सालं वाळवून सोलं करतो, ते फळाच्या चकत्या करून वाळवतात. वनस्पतिशास्त्राला जे नाव द्यावं लागतं ते आईने जिभेने दहा सेकंदांत सांगितलं. पाव किलोचा पुडा घेतला. शेजारीच जायफळाच्या गराच्या साखरेत मुरवलेल्या फोडी होत्या. इंग्रजांनी या बेटावर लवंग-जायफळाच्या बागा लावल्या होत्या, त्याची ही आजची खूण. आपण श्रीखंडात बी किसतो आणि वरचा गर कोणी विचारत नाही, इथे गरच खातात. फोड गोड, तुरट आणि जराशी झोंबणारी होती. आईला आवडली नाही, मला आवडली.

दुकानदार म्हणाला, या चकत्या कशात घालतात ते बघायचं असेल तर आयर इतामला जा, लाक्सा खा.

आम्ही 204 नंबरच्या बसने गेलो. भाड्याचे पैसे पेटीत टाकायचे होते आणि उरलेले परत मिळत नव्हते. मी पाचाची नोट टाकून बसले. आयर इतामला टेकडीवर केक लोक सी हे मोठं बौद्ध मंदिर आहे. गुडघ्यांमुळे आम्ही ते खालूनच बघितलं. बाजाराजवळ एका साध्या ठेल्यावर लाक्सा मिळाला. बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वर पंखा, आणि उकाडा असा की पाठ खुर्चीला चिकटलेली. ठेलेवाला वाडग्यात जाड पांढऱ्या तांदळाच्या शेवया घालतो, वर उकळता रस्सा ओततो, तो काढून परत पातेल्यात टाकतो, परत ओततो. शेवया गरम होईपर्यंत हे तीन-चार वेळा. मग वर काकडी, अननस, कांदा, लाल मिरची, पुदिना, आणि गुलाबी रंगाचं एक फूल बारीक चिरून. ते आल्याच्या जातीतलं फूल, बुंगा कान्तान. शेवटी चमच्यात जवळ्याची काळी घट्ट चटणी.

रस्सा कंबुंगचा, म्हणजे बांगड्याचा. मासा उकडून त्याचं मांस मोकळं करून परत रश्श्यात घालतात. आंबटपणा चिंचेचा आणि त्याच चकत्यांचा. गवती चहा, हळद, बलाचान.

आईने चमचा बाजूला ठेवला आणि वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला. मग खाली ठेवला. बराच वेळ काही बोलली नाही. मी घाबरून विचारलं, "नाही आवडलं?" तिने नुसता हात वर केला, थांब म्हणून. परत वाडगा उचलला. कपाळावर घाम, नाकातून पाणी, तरी थांबेना. सहा दिवस अर्धी पोळी खाणारी माझी आई अख्खा वाडगा संपवून तळाचा माशाचा चुरा बोटाने पुसून घेत होती. मग म्हणाली, "ह्येच्यात तिरफळां व्हयी होती."

यापेक्षा मोठं कौतुक तिच्याकडून मी कधी ऐकलेलं नाही. आमच्याकडे बांगड्याचं तिखलं करतात, सोलं आणि तिरफळं घालून. परक्या देशातल्या रश्श्यात काय कमी आहे ते तिला सांगता आलं, म्हणजे तो रस्सा तिला परका वाटलाच नव्हता. मी दुसरा वाडगा मागवला. एकाची किंमत तेव्हा सात रिंगिट होती, आपले साधारण दीडशे रुपये. टूरच्या एका गुलाबजामला जास्त पडले असतील.

बाकीचे दोन दिवस भराभर गेले. आर्मेनियन स्ट्रीटवर सायकलवरच्या मुलांच्या भित्तिचित्रासमोर फोटोसाठी अर्धा तास रांग होती, आम्ही रांगेतून बाहेर पडलो. नासी कंदार खाल्लं. कंदार म्हणजे कावड. तमिळ मुसलमान विक्रेते एके काळी खांद्यावरच्या कावडीतून भात आणि रस्सा विकत फिरायचे, त्यावरून नाव पडलं. आता दुकानं झाली आहेत आणि भातावर चार-पाच रस्से एकत्र ओततात. 'बांजिर' म्हणालात तर पूर आल्यासारखे ओततात. मला ते फार आवडलं. आईला तो काला पटला नाही, तिने प्रत्येक रस्सा वेगळ्या वाटीत मागितला. वाढणाऱ्या मामांनी कसलीही कुरकूर न करता चार वाट्या दिल्या.

शेवटच्या सकाळी आई परत चौरस्त्याला गेली, यावेळी माझ्याशिवाय. मी झोपले होते. परत आली तेव्हा तिच्या हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी होतं. मासेवालीने दिलं होतं, घरून करून आणलेलं. केळीच्या पानात भाजलेला बांगडा, वर लाल मसाला. हॉटेलच्या पलंगावर वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघींनी तो खाल्ला, आणि मेतकुटाची न उघडलेली बॅग तशीच परत विमानात चढली.

आसाम कपिंगचं पहिलं तिखलं मालवणला झालं. "सोलांपेक्षा आंबट, दोन चकत्ये पुरे," असं आईने फोनवर सांगितलं. अर्धा पुडा तिने कुडाळच्या मावशीला पाठवला आहे. मावशीचा मला फोन आला होता, हे झाड आपल्याकडे लावता येईल का म्हणून.