तुम्ही विचारलंत म्हणून: नळी बनवूनच का बघत नाही?

"न्यूट्रॉन मोजायची नळी कॉम्प्युटरवर कशाला चालवता? सरळ बनवून बघा की!" माझ्या कामाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे.

हेलियम-३ वायू भरलेली नळी किती थर्मल, म्हणजे मंद, न्यूट्रॉन पकडेल, हे कागदावरच निघतं. अडीच सेंटीमीटर जाडीचा वायू एका वातावरणाच्या दाबाला साधारण २८ टक्के न्यूट्रॉन गिळतो, दहा वातावरणांना ९६ टक्के. एवढ्यासाठी जिअँट-४ (पदार्थातून जाणाऱ्या कणांचं सिम्युलेशन करणारा प्रोग्राम) उघडणं म्हणजे कोथिंबीर चिरायला कोयता.

गंमत पुढे आहे. न्यूट्रॉन गिळला की ७६४ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा सुटते. प्रोटॉन ५७३ घेऊन एका दिशेला आणि ट्रायटन (ट्रिटियम या जड हायड्रोजनचा अणुगर्भ) १९१ घेऊन बरोबर उलट दिशेला पळतो. कमी दाबाच्या नळीत प्रोटॉन काही सेंटीमीटर धावतो, म्हणजे बऱ्याचदा भिंतीवर आपटतो आणि उरलेली ऊर्जा तिथेच घालवतो. त्यामुळे पल्सच्या, म्हणजे नळीतून मिळणाऱ्या विजेच्या ठोक्यांच्या, उंचीच्या आलेखात ७६४ च्या शिखराच्या डावीकडे ५७३ आणि १९१ ला दोन पायऱ्या उमटतात. सिम्युलेशनमध्ये या पायऱ्या जागेवर नसतील, तर मी बाकीचा आलेख बघतही नाही. गॅमा किरणांच्या बारक्या पल्स गाळायची रेषाही १९१ च्या खालीच आखायची असते. धाव आखूड करायला सीएफ-४ सारखा जड वायू किती मिसळावा, हे मात्र कागदावर धड जमत नाही. पुढे वायूत सुटलेले इलेक्ट्रॉन नळीच्या मधल्या तारेपर्यंत कसे पोचतात, हे काम गारफिल्ड प्लस प्लस या दुसऱ्या प्रोग्रामचं. (जिअँट-४ मध्ये फिजिक्स लिस्ट, म्हणजे कणांच्या वागण्याच्या नियमांचा संच, निवडताना नावात 'एचपी' (हाय प्रिसिजन) आहे ना, ते बघा. नसलं तरी प्रोग्राम बिनतक्रार चालतो आणि मंद न्यूट्रॉनचे आकडे बिनभरवशाचे देतो.)

आता "बनवून बघा"बद्दल. हेलियम-३ मिळतो ट्रिटियमच्या क्षयातून, आणि २००८ च्या सुमारास त्याची टंचाई जगभर जाणवली. म्हणून स्वीडनमधल्या लुंडच्या न्यूट्रॉन केंद्रासाठी बोरॉन कार्बाइडचे थर दिलेले डिटेक्टर पुढे आले. तिथे थर जाड केला तर न्यूट्रॉन जास्त अडकतात, पण बोरॉनने न्यूट्रॉन गिळल्यावर सुटणारा अल्फा कण थराबाहेर वायूत येण्याआधीच थांबतो; त्याची धाव जेमतेम तीनेक मायक्रोमीटर. एका थराला थर्मल न्यूट्रॉनपैकी पाचेक टक्केच सापडतात, म्हणून थरांमागे थर रचायचे. ते किती, केवढ्या जाडीचे, आणि मधल्या ॲल्युमिनियमवरून विखुरलेले न्यूट्रॉन भलत्याच ठिकाणी किती मोजले जातील? प्रत्येक शक्यतेसाठी वेगळा डिटेक्टर बनवायला पैसे कोण देणार?