सहा ड्रोन, एक वावर आणि सहा शून्य

नोंदणी, पायलटचं प्रमाणपत्र, नकाशावरचा हिरवा (उड्डाणाला मोकळा) झोन, हे सगळं सुरळीत झालं. घोडं अडलं ते उंचीपाशी. हेल्पलाइनवर दर वेळी एकच उत्तर: ‘सर, कंपास कॅलिब्रेट करा.’ उंचीत कंपास कुठून आला?

यवतमाळकडच्या पऱ्हाटीच्या पाहणीला सहा ड्रोन एकदम सोडायचे होते. 20 मीटरपासून पाच-पाच मीटरवर सहा थर दिले. कागदावर टक्कर शक्यच नाही. तरी धुऱ्यावरून पाहिलं तर दोन ड्रोन जवळपास एकाच उंचीवर!

ऑटोपायलट उंची मोजतो ती आर्म झाला, म्हणजे उडण्याआधी मोटर सुरू केल्या, त्या जागेपासून. खालच्या थराचा ड्रोन धुऱ्यावरून उडालेला, वरच्या थराचा नाल्याकाठच्या खोलगटातून. जमिनीतच तीन मीटरचा फरक. पाचाचे दोन उरले. ते बॅरोमीटरने, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची काढणाऱ्या सेन्सरने, खाल्ले. 1 हेक्टोपास्कल म्हणजे साधारण साडेआठ मीटर, आणि सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत हवेचा दाब उतरतच असतो. दाब उतरला की ड्रोनला वाटतं आपण वर चढलो, म्हणून तो खाली येतो. वीस मिनिटांत दीड-दोन मीटर. तेवढ्यात बॅटरी बदलून उडालेला दुसरा नवा शून्य धरतो. बॅरोमीटरवरचा फोम निघाला असेल तर नुसतं ऊन लागूनही आकडा उडी मारतो.

साधा उपाय: सगळे एकाच सपाट खळ्यावरून, एकाच वेळी आर्म करा, बॅटरीसाठी एक उतरला की सगळे उतरवा. पक्का उपाय: एकच आरटीके बेस (जीपीएसची चूक सेंटिमीटरांवर आणणारं जमिनीवरचं स्टेशन), उंचीचा स्रोत जीपीएस, आणि मिशनमधली उंची समुद्रसपाटीपासूनची. ही उंची जमिनीपासूनची नसते, म्हणून सगळ्यात उंच धुऱ्यावरचा कडुनिंब आधी मोजून घ्या.

सिस्टिम आयडी, म्हणजे ड्रोनचा ओळख क्रमांक, सगळ्यांचा 1 ठेवू नका, एकाला दिलेली आज्ञा सगळे पाळतात.

एकाच थरात दोन ड्रोन असतील तर 20 मीटर अंतर हवंच. सेकंदाला 5 मीटर वेग, ब्रेकला 5 मीटर, अर्ध्या सेकंदाच्या उशिराचे अडीच. समोरासमोर आले की पंधरा. बाकीचे जीपीएसच्या चुकीचे.

हो, घरवापसीची, म्हणजे ड्रोन आपोआप परततो ती, उंची राहिली. झाडांच्या भीतीने सगळ्यांना 60 मीटर दिली की बॅटरी संपताना सगळे 60 वरच गोळा होतात. प्रत्येकाला वेगळी द्या.

आरटीकेचा फिक्स (सेंटिमीटरांची अचूकता) जाऊन फ्लोट (ढोबळ अंदाज) दिसला तर त्या ड्रोनच्या उंचीवर विसंबू नका, उतरवा. पण आधी खालच्या थरातले बाजूला घ्या, तो त्यांच्यातूनच खाली येणार.